होझियाने लावलेल्या तारा

मित्रांनो, मी गिटार आहे. वय झालेली आणि मुळातच स्वस्तातली. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीजवळ मला एक चीर आहे, तिच्यात कोणी तरी सुताराचा गोंद भरला आहे. माझा काळा-तांबूस रंग जिथे जिथे हात पडला तिथे तिथे उडाला आहे. पण चीर आणि रंग यांची मला लाज वाटत नाही. ज्याची वाटते तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे आम्ही ढिगाने तयार होत असू. चांगल्या गिटारींना चांगले लाकूड मिळे. माझ्या वाट्याला साधे लाकूड आले, म्हणून त्यावर ब्रशने भारी लाकडाच्या रेषा रंगवल्या गेल्या. टपालाने माल पाठवणाऱ्या एका दुकानाच्या जाड पुस्तकात माझे चित्र छापले गेले. त्या चित्रावर बोट ठेवून होझिया प्रुइटने मला मागवले. मिसिसिपी राज्यातल्या मार्लो गावचा हा तरुण, दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायचा.

पोस्टात तो मला न्यायला आला तेव्हा पोस्टमास्तरने विचारले, “एवढ्या मोठ्या खोक्यात काय रे? शवपेटी?”

“नाही साहेब,” होझिया म्हणाला. “बायको.”

तेव्हा त्याचे लग्न व्हायचे होते. पुढे लुव्हिनियाशी झाले, तेव्हा गावाने तिला ‘होझियाची धाकटी’ म्हणून पुष्कळ चिडवले. तीही कमी नव्हती. ‘थोरलीच्या पोटात भोक आहे, माझ्या नाही,’ असे ती सांगायची.

शनिवारी संध्याकाळी कोणाच्या तरी अंगणात मासे तळले जात आणि लोक नाचायला जमत. तिथे आम्ही असू. होझिया वाजवी, तो दमला की लुव्हिनिया मला मांडीवर घेई. तिची बोटे त्याच्यापेक्षा हलकी होती. लोक दोघांनाही ‘अजून एक, अजून एक’ म्हणत. ते माझे कौतुकाचे दिवस होते.

आमच्या भागात वादकांची एक रीत होती. तारा जुळवायला बसले की ते लोकांकडे पाठ फिरवत. गिटारीच्या तारा एकाच तऱ्हेने लावायच्या असा तिथे नियम नव्हता. ज्याची त्याची तऱ्हा निराळी, आणि वादकाचे नाव तिच्यावरच चाले. ती कोणी पाहून उचलली की पुढच्या शनिवारी लोक त्याच्या अंगणात जमत. बहुतेकांची तऱ्हा ‘स्पॅनिश’ नावाची होती. तारा नुसत्या छेडल्या तरी एक गोड, भरलेला सूर निघे. होझियाची तशी नव्हती. त्याची खर्जाची तार इतकी सैल असे की बोटाखाली लोंबायची. मधल्या दोन तारा जवळजवळ एकाच सुरात असत, पण अगदी एकाच नव्हेत. त्या एकमेकींना घासत आणि त्यातून कोणी तरी तोंड दाबून रडते आहे असा आवाज येई.

एल्झी गुडलो नावाचा दुसरा एक वादक गावात होता. त्याने ती तऱ्हा किती तरी वेळा विचारली. होझिया म्हणे, “एल्झी, माझा शर्ट माग, देईन.”

आणि गंमत अशी, की होझिया बायकोकडेही पाठ फिरवायचा.

“अरे, घरच्या माणसापासूनही चोरून?” लुव्हिनिया विचारी. “मी काय पळवून नेणार आहे?”

“तू मलाच पळवून आणलंस,” तो म्हणे. “तुझा काय भरवसा?”

ती हसायची आणि वाजवायला घ्यायची. त्यामुळे बोटे कुठे ठेवायची ते तिला पक्के ठाऊक होते. तारा कशा लावायच्या ते ठाऊक नव्हते. लावायचे काम त्याचे होते. ते तिला करावे लागेल अशी वेळ कधी येईल असे दोघांपैकी कोणालाच वाटले नाही.

मग बारमध्ये नाणे टाकून गाणी वाजवणारी पेटी आली. शेतांत कापूस वेचणारी यंत्रे आली आणि माणसे पोटासाठी उत्तरेला गेली. मासे तळायला अंगणे होती, पण नाचायला पाय उरले नाहीत. मी भिंतीवरच्या खिळ्याला लागले. अधूनमधून होझिया मला काढी, भिंतीकडे तोंड करून तारा लावी आणि बांधावरचे गाणे म्हणे. नदीच्या बांधावर एक माणूस बायकोची वाट पाहत उभा आहे, एवढेच त्या गाण्यात होते. ते त्याने तिच्यासाठी केले होते.

एका वसंतात त्याने मला असेच लावून खिळ्याला टांगले आणि त्याच आठवड्यात तो गेला. चर्चच्या स्मशानात, अगदी कापसाच्या शेताला लागून, त्याला पुरले. दगड बसवायची ऐपत नव्हती. पत्र्याची एक पाटी रोवली होती, तिच्यावरचे नाव उन्हाने पुसले गेले.

लुव्हिनियाची भाची व्हॉनेटा तिला शिकागोला घेऊन गेली. मीही गेले. तिथे आता सगळे तिला मिस व्हिनी म्हणू लागले. तिचे कान मंदावत होते. संध्याकाळी ती मला मांडीवर घेई, हनुवटी माझ्या कडेवर टेकवी आणि अगदी हळू वाजवी. कानाने जे पोहोचत नव्हते ते हाडातून पोहोचे. हवेने मी थोडी उतरले होते, पण सगळ्या तारा बरोबरच उतरल्या होत्या. त्यांच्यातली अंतरे होझियाने ठेवली तीच होती. खुंट्यांना तिने कधी हात लावला नाही. तसे करू नका असे कोणाला सांगायचीही गरज पडली नाही, कारण मला दुसरे कोणी घेतच नव्हते.

आता त्या प्रवासाकडे येते.

व्हॉनेटा शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली बाई. तिचे दोन जुने मित्र होते. क्लियोटिसचे केस कापायचे दुकान होते. डेल्बर्ट शहराच्या बसगाड्या दुरुस्त करायचा आणि शुक्रवारी एका बारमध्ये गिटार वाजवायचा. रविवारी दुकान बंद असले की तिघे तिथे बसून ब्लूजच्या, म्हणजे आमच्याकडच्या शेता-अंगणांतल्या त्या गाण्यांच्या, जुन्या तबकड्या लावत आणि भांडत. डेल्बर्टला त्यातले सगळे माहीत असे: कोणी कधी वाजवले, कुठे वाजवले, तारा कशा लावल्या. तिघांच्या आईबापांनी मिसिसिपी सोडले होते. ज्या मातीतून ते गाणे आले ती एकदा नीट फिरून पाहायची, असे ते वर्षानुवर्षे घोकत होते. शेवटी व्हॉनेटाने मनावर घेतले. ओळखीच्यांकडून मदत घेऊन होझियाच्या थडग्यासाठी दगड सांगितला गेला. ठरले असे की मोटारीने निघायचे, वाटेतली सगळी जुनी ठिकाणे पाहायची आणि रविवारी मार्लोच्या चर्चमधल्या प्रार्थनेनंतर दगडावरची चादर काढायची. तिथे मिस व्हिनीने बांधावरचे गाणे वाजवायचे.

मिस व्हिनीने तीन वेळा नाही म्हटले. चौथ्यांदा म्हणाली, “वाजवीन. पण एकदाच. कान पुरते जाण्याआधी त्याच्यासमोर एकदा वाजवायचंय.”

क्लियोटिसची लांबलचक मोटार होती. मी मागच्या सीटवर मिस व्हिनी आणि व्हॉनेटा यांच्या मध्ये, पेटीत. मेम्फिस मागे पडले आणि मिसिसिपीत उतरणारा एकसष्ट नंबरचा रस्ता लागला तसा डेल्बर्ट गप्प बसेनासा झाला. ठिकठिकाणी तो मोटार थांबवायला लावी. एका पडक्या लाकडी घरासमोर त्याने टोपी काढली आणि भिंतीवर तळहात टेकवला.

“मिस व्हिनी, या भिंतींनी काय काय ऐकलं असेल!” तो ओरडून म्हणाला. तिच्याशी ओरडूनच बोलावे लागे.

“ऐकलं असेल बाबा. मला आठवतो तो वास. मागच्या दाराशी कोंबड्या सोलायचे.”

“घे,” क्लियोटिस म्हणाला, “आता लाव टोपी डोक्यावर. आणि हात धू.”

मक्याच्या पानात बांधलेले तिखट तमाले घेऊन ते पुढे निघाले. मागच्या सीटवर रस सांडला म्हणून क्लियोटिस कुरकुरत होता. डेल्बर्ट मागे वळून म्हणाला, “मिस व्हिनी, मिस्टर होझिया तारा स्पॅनिशच लावत असणार, नाही?”

“मला काय ठाऊक? तो पाठ फिरवून बसायचा.”

डेल्बर्ट क्लियोटिसकडे वळला. “स्पॅनिशच. त्या काळचे इकडचे सगळे तसंच लावायचे. कुठलीही तबकडी ऐक.”

“तू ऐक. मला रस्ता बघू दे.”

शनिवारी मार्लोजवळच्या एका मोटेलात उतरले. दुपारी व्हॉनेटा मिस व्हिनीला केस नीट करून घ्यायला घेऊन गेली. उघड्या, विस्कटलेल्या केसांनी चर्चला जाणे तिला चालले नसते. क्लियोटिस दगड बसवणाऱ्याकडे गेला. खोलीत डेल्बर्ट आणि मी राहिलो.

त्याने पेटी उघडली. मित्रांनो, त्याचा हात वाईट नव्हता. त्याने मला बाळाला उचलतात तसे उचलले. माझ्या मानेवरून हळूच अंगठा फिरवला. मग त्याला तारांवरचा गंज दिसला. त्याने सगळ्या तारा एकदम छेडल्या आणि तोंड वाकडे केले.

“अरेरे,” तो मला म्हणाला. “पार उतरलीस गं. असं कसं तुला लोकांसमोर न्यायचं?”

मिस व्हिनीला भेट द्यायला त्याने शिकागोहून नव्या तारा आणल्या होत्या. त्याने पक्कड काढली आणि जुन्या तारा एकेक करून कापल्या. प्रत्येक तार तुटताना तिचा शेवटचा सूर निघत होता आणि हवेत संपत होता. माझ्याजवळ होझियाचे तेवढेच उरले होते. त्याचा चेहरा मी कधी साठवू शकले नाही, आवाज नाही. पण त्याच्या मनगटाने खुंटी जिथे थांबवली ती जागा मी राखली होती. तुकडे मोटेलच्या कचऱ्याच्या डब्यात गेले.

डेल्बर्टने मला पुसले, तेल लावले, नव्या तारा चढवल्या आणि स्पॅनिश तऱ्हेने जुळवल्या. कान लावून, जीव लावून जुळवल्या. मग वाजवून पाहिले. मी अशी वाजले की पलीकडच्या खोलीतला माणूस दारात येऊन उभा राहिला. भरलेला, गोड, चकचकीत आवाज. आणि मला तो आवडला. इतकी वर्षे खिळ्यावर, पेटीत काढल्यावर कोणी तरी दारात येऊन ऐकते आहे, याने मी फुलले. त्या फुलण्याची मला आजही लाज वाटते.

“उद्या बघाच,” डेल्बर्ट म्हणाला. त्याला मिस व्हिनीला चकित करायचे होते. म्हणून त्याने कोणाला सांगितले नाही आणि पेटी बंद केली.

रविवारी प्रार्थना संपली आणि सगळे गाव मागच्या स्मशानात आले. दगडावरची चादर काढली. होझिया प्रुइट हे नाव पुन्हा वाचता येऊ लागले. काही बायका ‘आमेन’ म्हणाल्या. चर्चच्या आवारात ब्लूज, म्हणजे बारमधले गाणे, वाजवू देणे पास्टरला जड जात होते. तो मिस व्हिनीच्या कानाशी वाकला.

“एकच गाणं हं, मिस व्हिनी. आणि शब्द जरा बेतानं.”

“पास्टर, त्यात तुमचं नाव नाही. घाबरू नका.”

लोक हसले. ते हसणे चांगले होते. घडीची खुर्ची थडग्याजवळ ठेवली. तिने नवा निळा पोशाख घातला होता, केस चापून बसवले होते. तिने मला मांडीवर घेतले. नव्या तारा बोटांना लागल्या तेव्हा ती क्षणभर थबकली. पण समोर सगळे गाव उभे होते आणि उजेडात तिची नजरही आता बारीक काम करत नव्हती. लोकांसमोर हनुवटी न टेकवता, ताठ बसून तिने सुरुवात केली.

तिची बोटे अचूक होती. हे मी शपथेवर सांगते. माझ्या मानेवरच्या ज्या घरावर जे बोट पडायला हवे तेच पडत होते. पण त्या बोटांखाली तारा दुसऱ्याच्या होत्या. बांधावर वाट पाहणाऱ्या माणसाच्या जागी कोणी तरी जत्रेत दात काढून हसावे असा आवाज माझ्यातून निघाला. मग दोन सूर एकमेकांवर आदळले. मग आणखी. तिला ते ऐकू येत नव्हते, म्हणून ती वाजवत राहिली आणि मी तशीच वाजत राहिले.

पुढे उभ्या असलेल्या मुली आधी हसल्या. त्यांच्या आयांनी त्यांना चिमटे काढले आणि स्वतः खाली पाहिले. एल्झी गुडलो काठी टेकून उभा होता. तो शेजाऱ्याला म्हणाला, “ऐकलंस? होझिया आत कूस बदलत असेल.” त्याचा आवाज मोठा होता, आणि पुष्कळ जण हसले.

मिस व्हिनीने ओठ हललेले पाहिले, चेहरे पाहिले. तिने हनुवटी माझ्या कडेवर टेकवली आणि एकदाच सगळ्या तारा छेडल्या. माझ्या लाकडातून जे तिच्या जबड्यात गेले ते तिच्या ओळखीचे नव्हते. तिने हात थांबवला. मग ती दगडाकडे पाहून म्हणाली, “बाकी काहीही विसरेन, हे नाही विसरणार असं वाटलं होतं रे.”

तिने मला व्हॉनेटाकडे दिले. “बोटांतून गेलं गं. चला, लोक जेवायचे थांबलेत.”

मित्रांनो, ती बोटे तिची, आणि बेसूर मी. ते एकट्या मला ठाऊक होते आणि मला तोंड नव्हते. नाही, एकट्या मला नव्हे. डेल्बर्ट दगडापाशी उभा होता. तिने पहिला सूर छेडला तेव्हाच त्याच्या ध्यानात आले होते. त्याने मान खाली घातली, आणि तो बोलला नाही.

चर्चच्या सभागृहात जेवण होते. तळलेले मासे, मक्याचा पाव, पालेभाजी. मला भिंतीला टेकवून ठेवले होते. मिस व्हिनीने ताटाला हात लावला नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “व्हॉनेटा, ती गिटार इथंच देऊन टाक. चर्चच्या पोरांना शिकायला होईल. माझ्याकडे आता कशाला?”

“अगं आत्या, असं काय—”

“घरात दिसत राहील. रोज दिसेल आणि रोज आठवेल की मला आठवत नाही. नको.”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला क्लियोटिसने डेल्बर्टकडे पाहिले. “तुझं काय झालं? काटा अडकला का?”

डेल्बर्टने त्याला हळू आवाजात सांगितले. क्लियोटिस सतत काही तरी चेष्टा करणारा माणूस. त्याने हातातला मासा खाली ठेवला.

“ऊठ. तिला सांग.”

“सांगतो. गाडीत सांगतो.”

“गाडीत? लोक इथं हसले आणि तू गाडीत सांगणार? ऊठ.”

डेल्बर्ट तिच्या शेजारी जाऊन वाकला. “मिस व्हिनी, तुमची चूक नव्हती.”

“काय?”

“तुमची चूक नव्हती! तारा मी बदलल्या!”

“कुणी बदलल्या?”

“मी!” तो ओरडला. “मी बदलल्या! काल! तुम्हाला न विचारता!”

तिला ऐकू जावे म्हणून एवढे ओरडावे लागले की सभागृहातले सगळे काटे-चमचे थांबले. डेल्बर्टच्या कपाळावरून घाम गळत होता. तिने रुमालाने तोंड पुसले.

“जुन्या कुठं आहेत?”

“कापल्या. फेकून दिल्या.”

“त्या होझियानं लावल्या होत्या.”

“मला माहीत नव्हतं.”

“विचारलं असतंस तर झालं असतं माहीत.”

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला.

“म्हणजे मी विसरले नाही?”

“नाही, मिस व्हिनी.”

“परत सांग.”

“तुम्ही विसरला नाहीत!”

“आणखी मोठ्यानं. त्या एल्झीला ऐकू गेलं पाहिजे.”

“तुमची बोटं बरोबर होती! तारा चुकीच्या होत्या! मी चुकलो!”

मिस व्हिनीने ताट पुढे ओढले आणि मासा खायला घेतला. बाकी कोणाला तो गिळवत नव्हता. ज्या मुली हसल्या होत्या त्या टेबलावरच्या कापडाची किनार चोळत बसल्या होत्या. पास्टरने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला.

जेवण झाल्यावर ती म्हणाली, “आता लाव परत.”

“पण कशा होत्या ते मला ठाऊक नाही.”

“मलाही नाही. पण माझ्या जबड्याला ठाऊक आहे.”

बाहेर पेकनच्या झाडाखाली खुर्च्या मांडल्या. ती मला मांडीवर घेऊन हनुवटी टेकवून बसली. डेल्बर्ट खुंटी धरून बसला. जुन्या वादकांसारखी त्याने लोकांकडे पाठ केली होती.

“तोंड इकडे कर,” ती म्हणाली. “असं पाठ फिरवून फिरवूनच माझ्यावर ही पाळी आली.”

डेल्बर्टने खुर्ची फिरवली. तो खर्जाची तार सैल करत गेला. ती म्हणे, “खाली. अजून. अजून खाली.” तो बिचकला, कारण इतकी सैल तार कोणी वाजवत नाही. थोड्या वेळाने तिला काही कळेना. जबडाही थकतो. ती म्हणाली, “थांब. सगळं एकच वाटायला लागलंय.”

तेव्हा एल्झी गुडलो काठी टेकत पुढे आला. तो कोणाकडेच पाहत नव्हता.

“जाड तार अजून खाली ने,” तो डेल्बर्टला म्हणाला. “बोटानं ओढली की लाकडावर आपटली पाहिजे. आणि सगळ्यात बारीक तार तिच्याशी जुळते. अगदी तीच, फक्त वरची.”

“तुला काय माहीत?” मिस व्हिनीने विचारले.

एल्झी पुटपुटला. तिने पुन्हा विचारले. त्यालाही ओरडावे लागले, आणि तेही सगळ्यांसमोर. “खिडकीतून पाहिलं होतं! तुमच्या स्वयंपाकघराच्या! तो भिंतीकडे तोंड करून बसायचा, मी बाहेर पाण्याच्या ड्रमवर चढून बघायचो!”

“आमचा तो ड्रम तू फोडलास?”

“हो.”

“आणि मी कुत्र्याला मारलं.”

“हो, व्हिनी. मगाचं बोललो तेही वाईट बोललो.”

“ते सोड. तू चोरलंस हे मला माहीत होतं. दोन हिवाळे तू ते वाजवत होतास. होझिया म्हणायचा, एल्झीनं निम्मंच चोरलंय, उरलेलं आपोआप चुकवतोय.”

कोणी तरी हसले, आणि पहिला हसला एल्झीच. पण त्याचे डोळे वर आले नाहीत. आमच्या गावात दुसऱ्याची तऱ्हा चोरणे ही फार खालची गोष्ट मानत. तेच त्याने म्हातारपणी, रविवारच्या कपड्यांत, पास्टरसमोर कबूल केले होते. तो गप्प राहिला असता तर त्याचे काही बिघडले नसते.

त्याला ठाऊक होत्या त्या तारा तशा लागल्या. त्यांच्या आधाराने तिच्या हाडाने आणखी काही शोधल्या. राहिल्या त्या मधल्या दोन, एकमेकींना घासणाऱ्या. त्यांतली एक सापडली. दुसरी किती दूर ठेवायची ते सापडेना. खुंटी केसभर इकडे गेली की रडणे नाहीसे व्हायचे, केसभर तिकडे गेली की नुसती किरकिर व्हायची. एल्झीला ते खिडकीतून कधी ऐकूच आले नव्हते. जे बरोबर होते ते एकट्या होझियाला माहीत होते, आणि आदल्या दुपारपर्यंत मला. डेल्बर्टची बोटे खुंटीने सोलवटली. तो ‘अजून एकदा’ म्हणत राहिला. शेवटी तिने त्याचा हात धरून बाजूला केला.

“पुरे. उजेड आहे तोवर जाऊ.”

थडग्यापाशी आता थोडेच लोक राहिले होते. तिने बांधावरचे गाणे वाजवले. लोंबती खर्जाची तार लाकडावर आपटत होती, बारीक तार तिला वरून ओ देत होती. बांध होता, नदी होती, माणूस उभा होता. पण त्याचे रडणे जिथे यायला हवे तिथे ते नुसते जवळून जायचे. तिने ती तार टाळली नाही. प्रत्येक वेळी छेडली. चुकीचा सूर आला की डेल्बर्ट अंग चोरायचा. मी तर लाकूड. मला अंगही चोरता येत नव्हते.

शेवटच्या सुरानंतर ती दगडाला म्हणाली, “एवढंच मिळालं बघ. बाकी तुझ्याकडे आहे.”

मला तिने चर्चला दिले नाही. पेटीत घालून परत मोटारीत ठेवले. परतीच्या वाटेवर डेल्बर्टने कुठेच थांबायला सांगितले नाही. मेम्फिस आल्यावर क्लियोटिसने स्वतःहून विचारले, “काय रे, एखादी भिंत नाही का बघायची?” डेल्बर्टने नुसती मान हलवली.

मित्रांनो, मला सांगायचे आहे ते थोडकेच आहे. तुमच्या हातात कधी कोणाची जुनी वस्तू येईल. तिच्यावर गंज असेल, ती वेडीवाकडी लागलेली असेल, आणि तुमच्या मनात तिच्याबद्दल खरोखर माया असेल. तेव्हाही तिला सुधारण्याआधी तिच्या माणसाला विचारा, की ही अशी का ठेवली आहे. उत्तर मिळेपर्यंत पक्कड खिशात राहू द्या. आणि हातून चूक झालीच, तर ती गाडीत बसून कानात सांगू नका. ज्यांच्यासमोर दुसऱ्याची मान खाली गेली, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगा.

डेल्बर्ट आता शुक्रवारी बारमध्ये वाजवतो, पण जुन्या वादकांबद्दल ‘सगळे असंच करायचे’ असे म्हणत नाही. रविवारी तो व्हॉनेटाच्या घरी येतो. मिस व्हिनीचे कान आता जवळजवळ गेले आहेत. ती हनुवटी माझ्या कडेवर टेकवते, डोळे मिटते. तो ती एक खुंटी केसभर फिरवतो आणि तार छेडतो. ती थोडा वेळ थांबते. मग मान हलवते, “नाही.” तो खुंटी पुन्हा होती तिथे आणून ठेवतो आणि पुढच्या रविवारी कधी येऊ, असे विचारतो.